हिवाळ्यातली चित्रवही

डॉक्टरांनी माझ्यासमोर एक कोरा कागद सरकवला आणि त्यावर आतून बाहेर उलगडत जाणारे एक वेटोळे काढायला सांगितले. मनगट टेबलावर टेकवायचे नाही आणि घाई करायची नाही, एवढ्याच दोन अटी होत्या. वाचकहो, वीस-बावीस वर्षे पुस्तकांची आणि मासिकांची चित्रे काढून ज्या व्यक्तीने आपला उदरनिर्वाह केला, तिला याहून सोपे काम कोणते सांगता येईल? मी पेन उचलले आणि गोगलगायीच्या शंखासारखे ते वेटोळे काढू लागले. दुसऱ्या फेऱ्यापर्यंत सारे ठीक होते. तिसऱ्या फेऱ्यापासून रेषेच्या कडेला बारीक दाते उमटू लागले, आणि शेवटच्या फेऱ्याला तर ती रेषा माझी आहे असे मला म्हणवेना. डॉक्टरांनी कागद उजेडाकडे धरला, डाव्या हातानेही तसेच वेटोळे काढायला लावले आणि विचारले, "घरात आणखी कोणाचा हात थरथरतो का?"

"नाही," मी म्हणाले. हे उत्तर चुकीचे होते, पण ते मला महिन्याभराने कळले.

आमच्या व्यवसायाचे वर्ष दिवाळीभोवती फिरते. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा रुजवली, तेव्हापासून मराठी चित्रकाराचे आषाढ ते आश्विन हे महिने संपादकांच्या तगाद्यात जातात. गेल्या वर्षीही तसेच झाले. रात्रीची जागरणे, दिवसाला सात-आठ कप चहा आणि पाठीचा धनुष्याकार. या धावपळीत हाताची थरथर मला जाणवली नाही, याचे कारण सांगताना आज थोडी लाज वाटते. अलीकडे मी बहुतेक काम टॅबलेटवर करते. त्यातल्या चित्रकलेच्या ॲपमध्ये रेषा आपोआप सरळ, गुळगुळीत करणारी एक सोय असते. ती किती प्रमाणात लागू करायची हे बोटाने सरकवून ठरवता येते. तीन वर्षांपूर्वी मी ती जवळजवळ वापरतच नव्हते. मग थोडी वाढवली, मग आणखी थोडी. दिवाळीनंतर एका लहान मुलीसाठी साध्या कागदावर हत्ती काढून देत होते, तेव्हा सोंडेची कड फाटक्या लुगड्याच्या काठासारखी निघाली, आणि मग घरी येऊन पाहिले तर ती सरकपट्टी शेवटच्या टोकाला जाऊन बसली होती. यंत्र माझी थरथर इमानेइतबारे झाकत होते.

तपासणीअंती जे निदान झाले त्याचे नाव इसेन्शियल ट्रेमर. नाव जड असले तरी विकार तसा दुर्मीळ नाही, आणि तुमच्यापैकी अनेकांच्या घरात त्याचा निदान एक तरी मानकरी असेल. हात काम करत असताना, म्हणजे कप उचलताना, लिहिताना, सुईत दोरा ओवताना, तो थरथरतो. मांडीवर निवांत ठेवला की शांत होतो. कंपवात, ज्याला आपण पार्किन्सन म्हणतो, त्यात बहुधा याच्या उलट घडते. तिथे हात स्वस्थ असताना हलतो, हालचाली मंदावतात, अंग ताठरते आणि अक्षर बारीक बारीक होत जाते. इसेन्शियल ट्रेमरमध्ये अक्षर लहान होत नाही, ते वेडेवाकडे होते. अर्थात हा भेद घरच्या घरी करून मोकळे होण्याचा नव्हे. थायरॉइडची ग्रंथी अधिक काम करत असेल, रक्तातली साखर उतरली असेल किंवा काही औषधे चालू असतील तरीही हात कापतो, म्हणून डॉक्टरांनी माझे रक्त तपासले आणि मी घेत असलेल्या प्रत्येक औषधाचे नाव विचारले. मला लहानपणापासून दम्याचा त्रास आहे. थरथरीवर प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी बहुधा पहिल्यांदा दिली जाते, पण ती दमेकऱ्याला वर्ज्य. दुसरे एक औषध आहे, त्याने सुरुवातीला गुंगी येते. "सध्या थरथर सौम्य आहे. गोळीची घाई नको. दोन महिने नीट निरीक्षण ठेवा, मग ठरवू," असे म्हणून त्यांनी मला परत पाठवले.

निरीक्षण ठेवायचे तर कशाचे आणि कसे? माझ्याजवळ एकच साधन होते. लेकीच्या शाळेला नाताळची सुट्टी लागली तशी मी टॅबलेट घरी कपाटात ठेवला, साध्या कागदाची एक चित्रवही आणि चार शिसपेनी घेतल्या, आणि आम्ही दोघी माजलगावला माझ्या माहेरी आलो. २४ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत रोज एक पान, असा नेम धरला. सुट्टी संपताच लेक तिच्या वडिलांसोबत परत गेली आणि मी मागे राहिले. नियम अगदी थोडे होते. पानाच्या उजव्या कोपऱ्यात तारीख आणि एक वेटोळे. उरलेल्या पानावर समोर दिसेल ते. खोडरबर वापरायचा नाही. पान वाईट निघाले तर फाडायचे नाही. हा शेवटचा नियम पाळणे सर्वांत कठीण गेले, कारण व्यावसायिक चित्रकाराला वाईट पान दाखवण्याची सवय नसते, स्वतःलाही नाही.

माजलगावचा हिवाळा तुम्ही पाहिला नसेल तर थोडे सांगते. गाव सिंदफणेच्या काठी वसलेले. वर धरण आहे. त्यात सिंदफणेचे पाणी तर येतेच, शिवाय पैठणच्या जायकवाडीतून निघालेला उजवा कालवाही आपले पाणी तिथे आणून सोडतो, आणि बीड शहराची तहान या जलाशयावर भागते. पहाटे त्या पाण्यावर धुके असते. सूर्य वर आला की ते फाटत जाते आणि पंख पसरून वाळत बसलेले पाणकावळे दिसू लागतात. पाणकावळा हा माझ्यासारख्या विद्यार्थिनीसाठी देवाने धाडलेला आदर्श होय, कारण तो बराच वेळ जागचा हलत नाही. काठावर शेपटी उडवत पळणारा धोबी मात्र मला तीन सकाळी प्रयत्न करूनही सापडला नाही. एका पानावर त्याच्या नुसत्या नऊ शेपट्या आहेत.

या दिवसांत रस्ते उसाचे असतात. कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या महामार्गावरून रात्रभर घरघरत जातात. गावोगावची अनेक घरे मात्र बंद असतात. दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातली कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघून जातात. नवरा-बायको मिळून जी जोडी तोडीला उभी राहते, तिला 'एक कोयता' असेच म्हणतात. माणसांची मोजणी हत्याराच्या नावाने होते, हे लिहितानाही हात जरा अडतो. मागे उरतात म्हातारी माणसे आणि कुठे कुठे त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडे. मी कुलपे काढली. अकरा कुलपे आहेत त्या वहीत. कुलूप स्थिर असते, त्याची कड निश्चित असते, आणि तरीही दहा मिनिटे त्याच्याकडे पाहिले की बंद दाराविषयी काहीतरी कळू लागते. एका उंबऱ्यावर उन्हात बसलेल्या आजीबाईंना मी काढत होते, तर त्या म्हणाल्या, "माझं काय काढतीस माय, त्या पोराचं काढ, त्याच्या आईला पाठवायला." मी काढले. पान फाडायचे नाही हा नियम त्या दिवशी मोडला, तो तेवढ्यासाठीच.

आठ-दहा दिवसांनी मी कोपऱ्यातली वेटोळी सलग पाहिली, आणि एरवी कधी लक्षात न आलेल्या गोष्टी दिसू लागल्या. सकाळच्या दुसऱ्या चहानंतर काढलेले वेटोळे पहिल्या चहाआधीच्या वेटोळ्यापेक्षा स्पष्टपणे खराब होते. जागरण झालेल्या रात्रीनंतरचे त्याहून खराब. उपाशीपोटी, आणि थंडीत बोटे गारठलेली असताना, दाते मोठे पडत. एक नोंद मला सर्वस्वी अनपेक्षित होती. उसाच्या वाहतुकीची धूळ आणि गार हवा यांमुळे ज्या दिवशी छाती भरून आली आणि दम्याचा पंप ओढावा लागला, त्या दिवशीचे वेटोळे पावसात भिजल्यासारखे दिसत होते. पुढे डॉक्टरांना हे दाखवले तेव्हा त्यांनी सांगितले की श्वासनलिका चटकन मोकळी करणाऱ्या त्या पंपातल्या औषधाने हात कापणे ही माहितीतली गोष्ट आहे. मात्र पंप मनाने बंद करायचा नाही, दमा आटोक्यात ठेवणारे रोजचे औषध नीट घेतले म्हणजे त्या पंपाची गरजच कमी पडते. रोजचे औषध घेण्यात मी आळशी होते. ते वहीने उघडे पाडले.

काही युक्त्या हाताला आपोआप सापडत गेल्या. बारीक शिसपेनीपेक्षा जाड शिसपेन अधिक आज्ञाधारक असते. बोटांनी रेष ओढण्यापेक्षा कोपर टेकवून, किंवा मोठ्या कागदावर थेट खांद्यापासून हात फिरवून ओढली तर ती कमी कापते. श्वास सोडता सोडता ओढलेली रेष रोखलेल्या श्वासातल्या रेषेपेक्षा सरळ येते. आणि कोणी मागे उभे राहून पाहू लागले की सारे मुसळ केरात! लाज आणि ताण यांच्याइतके खतपाणी या थरथरीला दुसरे कशाचेच नसावे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रोज चित्रे काढल्याने माझी थरथर गेली नाही. चित्रकलेने अमुक आजार बरा होतो, तमुक नस मोकळी होते असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या वाऱ्याला तुम्ही उभे राहू नका. वहीने मला एवढेच दिले की ज्या गोष्टीला मी घाबरत होते ती रोज सकाळी दहा मिनिटे डोळ्यांसमोर ठेवून पाहायची सवय लागली. सतराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार निकोला पूसँ याचा हात उतारवयात असाच कापत असे. त्याच्या अखेरच्या काळातल्या रेखाटनांची छायाचित्रे मी विद्यार्थिदशेत पाहिली होती आणि त्या तुटक रेषेला शैली समजून तिची नक्कलही केली होती! त्याच हाताने त्याने १६६० ते १६६४ या काळात चार ऋतूंची चार मोठी चित्रे पुरी केली. त्यांतल्या हिवाळ्याच्या चित्रात त्याने महापूर रंगवला आहे. मला पूसँच्या धैर्याचे कौतुक आहेच. पण त्याहून अधिक उत्सुकता अशी वाटते की दुपारी चार वाजता, हात थकल्यावर, तो काय करत असेल.

आता त्या चुकीच्या उत्तराकडे येते.

आमचे आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. आज ते सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. माहेरी गेले की सकाळचा चहा मी करते, आणि गेली कित्येक वर्षे आई मागून सांगते, "त्यांचा अर्धाच भर." मी अर्धाच भरत आले. का, हे कधी विचारले नाही. ते बशीतून चहा पीत नाहीत, उंच फुलपात्र दोन्ही हातांनी धरतात, पंगतीत वाढायला कधी उठत नाहीत, पोथीची पाने अंगठ्याने न उलटता तळहाताने सरकवतात. हे सारे मी आयुष्यभर पाहिले होते. पाहणे हाच माझा धंदा आहे, असे मी इतरांना सांगत असते.

बत्तीस डिसेंबर असता तर त्या दिवशी लिहिले असते, असा तो वर्षअखेरचा रेंगाळणारा दिवस होता. अंगणात आगटी पेटवली होती, शेजारच्या शेतातून ज्वारीची कोवळी कणसे आली होती आणि आई भाजलेले कणीस तळहातांवर चोळून हुरडा पाडत होती. मी तिचे हात काढत होते. आप्पा खुर्ची ओढून शेजारी बसले, वही मागितली आणि मागची पाने उलटू लागले. चित्रांवर ते थांबले नाहीत. कोपरे पाहत गेले. मग म्हणाले, "हे रोजचं काय आहे?" मी सांगितले. डॉक्टरांचा प्रश्नही सांगितला. आप्पांनी शिसपेन मागितली, वही गुडघ्यावर ठेवली आणि माझ्या त्या दिवशीच्या वेटोळ्याशेजारी आपले वेटोळे काढले. करवतीच्या पात्याची गुंडाळी करावी तसे ते दिसत होते.

सातवीत असताना शाळेच्या दर्शनी फळ्यावर रोजचा सुविचार मी लिहीत असे. कडेला वेल, कोपऱ्यात फूल, सणावाराला चित्र. वडिलांनी इतर मुलांतून मला निवडले याचा मला केवढा अभिमान होता! मी चित्रकार झाले ती त्या फळ्यावर, हे वाक्य मी मुलाखतींतूनही सांगितले आहे. त्या संध्याकाळी आप्पा म्हणाले, "अक्षर तुझं चांगलं होतंच माय. पण खडू काही त्यासाठी देत नव्हतो मी तुला." तेव्हा ते पंचेचाळीस वर्षांचे होते, माझ्या आजच्या वयाच्या आसपास. फळ्यावर हात उचलला की खडू टकटक वाजायचा. एकदा तपासणीला आलेल्या एका साहेबाने सर्वांसमोर हसत विचारले होते, "गुरुजी, घेता का?" आप्पा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदा-लसूणही चातुर्मासात वर्ज्य. त्यांनी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवसापासून खडू माझ्या हातात आला.

आईला हे ठाऊक होते. तिला आणखीही एक ठाऊक होते, ते तिने हुरड्याचे ताट पुढे करताना सांगितले. गेली चार वर्षे निवृत्तिवेतनाच्या कागदावरची सही जुन्या सहीशी जुळत नाही म्हणून आप्पांना अंगठा उठवावा लागतो. नव्वदच्या दशकात साक्षरता अभियानाचे वर्ग ते रात्री कंदिलाच्या उजेडात घेत. अंगठा सोडून सहीवर या, असे सांगत त्यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांचे हात हातात धरून गिरवून घेतले होते. तोच माणूस खिडकीशी उभा राहून शाईच्या डबीत अंगठा बुडवतो, आणि घरी येऊन साबणाने बराच वेळ हात धुतो.

जानेवारीत आम्ही आप्पांना बीडला दाखवले. कंपवात नाही हे तपासून निश्चित झाले. त्यांना दमा नाही. रक्तदाबाच्या चालू गोळ्या आणि हृदयाची गती पाहून डॉक्टरांनी मला न चालणारे औषध त्यांना अल्प मात्रेत सुरू केले. थरथर गेलेली नाही, उतरली आहे. पाऊण कप चहा आता सांडत नाही. आई म्हणते, पाऊण पुरे. सहीचा नमुना नव्याने देता येतो हेही त्याच महिन्यात विचारणा केल्यावर समजले. इतकी वर्षे ते विचारायचे कोणाला सुचले नव्हते. तुमच्या घरी असा कोणी असेल तर औषधाआधी तेवढे काम करून टाका, आणि "वयामुळे होतं" असे म्हणून डॉक्टरांकडे जाणे टाळू नका.

लेकीविषयी लिहावे की नाही याचा मी बराच विचार केला. हा विकार पुष्कळदा घराण्यात चालतो, आणि जिथे तो पिढीजात असतो तिथे प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी धरतात. ती अकरा वर्षांची आहे. त्या रात्री आगटीशेजारी ती सारे ऐकत होती. आम्हा दोघांची वेटोळी पाहून तिने वही ओढून घेतली आणि तिसरे काढले, कंपासपेटीतल्या कर्काटकाने आखावे तितके नितळ. मग तिने विचारले, "माझापण हलेल का?" मी म्हणाले, "कदाचित. कदाचित नाहीही." आप्पा म्हणाले, "हलला तर लपवू नको म्हणजे झालं." ती हुरडा खात राहिली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी निघताना मी जाड शिसपेन आप्पांच्या टेबलावर ठेवून आले. त्यांनी ती मागितली नव्हती. फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. आधी पाऊसपाणी, मग धरणात किती पाणी उरले ते, मग शेवटी, जाता जाता, घरात हिशेबाच्या जुन्या वह्या आहेत पण त्यांवर रेघा आहेत, रेघा नसलेली वही कुठे मिळते, अशी चौकशी. मी कुरियरने दोन पाठवल्या. कागद जाड निवडला; पातळ कागद त्यांच्या हाताखाली फाटतो.